समान गुणांचा निवाडा

भाताची कापणी आणि झोडणी उरकून खाचरांतील ओल आटली, आणि पायाखालची माती धावणाऱ्याला आधार देण्याइतकी कठीण झाली, म्हणजे शहापूर आणि मुरबाड या दोन तालुक्यांत मैदाने आखण्याचा जो हंगाम सुरू होतो, तो उन्हाळा कडक होईपर्यंत आटगाव, खर्डी, किन्हवली, डोळखांब, सरळगाव, टोकावडे अशा गावांना आळीपाळीने जागते ठेवतो. कुठे कबड्डी, कुठे क्रिकेट. खेळ कोणताही असो, स्पर्धेचा शिरस्ता बहुधा एकच असतो, आणि तो म्हणजे बाद पद्धतीचा: जिंकला तो पुढच्या फेरीत गेला, हरला त्याने आपले सामान उचलले आणि परतीची वाट धरली. दोन-तीन दिवसांत आणि गावकीच्या वर्गणीत बसणारी, प्रेक्षकांना शेवटच्या क्षणापर्यंत खिळवून ठेवणारी ही पद्धत ज्यांनी प्रथम योजिली, त्यांनी ग्रामीण भागाच्या गरजा अचूक ओळखल्या होत्या यात शंका नाही. तथापि या पद्धतीत एक मोठे न्यून राहून जाते. एका संध्याकाळच्या नशिबाने, पंचाच्या एका चुकीने किंवा एका खेळाडूच्या मुरगळलेल्या पायाने उत्तम संघ पहिल्याच फेरीत बाहेर पडू शकतो, आणि वर्षभर घाम गाळलेल्या माणसांना आपली कैफियत मांडण्याची दुसरी संधी मिळत नाही. हे न्यून दूर करण्यासाठी जगात जी दुसरी पद्धत रूढ झाली, ती साखळी स्पर्धेची, आणि तिचे मर्म आपल्या वाचकांना उलगडून सांगावे, हा या लेखाचा हेतू आहे. त्यासाठी मी जो हंगाम निवडला आहे तो २०२०-२१ सालचा, गोव्याच्या भूमीवर खेळला गेलेला आणि मुंबईच्या संघाने जिंकलेला इंडियन सुपर लीगचा हंगाम होय. त्या हंगामावर स्पेनच्या फुटबॉलची छाया इतकी गडद पडली होती, की त्याचा विचार करताना स्पेनकडे वळल्यावाचून गत्यंतर नाही.

साखळी स्पर्धेत प्रत्येक संघ प्रत्येक प्रतिस्पर्ध्याशी दोनदा खेळतो, एकदा आपल्या अंगणात आणि एकदा त्याच्या. विजयाला ३ गुण, बरोबरीला १, पराभवाला शून्य. आणि सर्व सामने संपल्यावर ज्याच्या खाती सर्वाधिक गुण जमा असतील तो विजेता. यात अंतिम सामना म्हणून काही नसते. पहिल्या आठवड्यातील गुणाची जी किंमत, तीच शेवटच्या आठवड्यातील गुणाची. ज्याने पावसाळ्यापूर्वी राब भाजला आहे, चिखलणी करून आवणी केली आहे, बेणणीला कंटाळला नाही आणि कापणीपर्यंत शेतावरची नजर ढळू दिली नाही, त्याच्याच खळ्यावर दाणा येतो, आणि कोणत्याही एका दिवसाच्या पराक्रमाने मधले महिने भरून निघत नाहीत, हे ज्या प्रदेशाला समजावून सांगावे लागत नाही, त्या प्रदेशाला साखळी स्पर्धेचे तत्त्वही समजावून सांगण्याचे कारण नसावे.

स्पेनची ला लीगा १९२९ साली सुरू झाली. पहिल्या वर्षी १० संघ होते आणि बार्सिलोना विजेता ठरला. आज तिच्यात २० संघ असून प्रत्येकाला ३८ सामने खेळावे लागतात, आणि तळाचे तीन संघ दरवर्षी खालच्या श्रेणीत लोटले जातात. या शेवटच्या तरतुदीमुळे विजेतेपदाची आशा कधीच मावळलेल्या संघांचाही प्रत्येक सामना प्राणपणाने लढला जातो. मे २००६ मध्ये, हंगामाच्या अखेरच्या दिवशी, एस्पान्योल हा बार्सिलोना शहरातलाच दुसरा संघ श्रेणी गमावण्याच्या काठावर उभा असताना, अधिक दिलेल्या वेळेत फेर्रान कोरोमिनास या तरुण खेळाडूने रेआल सोसिएदादविरुद्ध एकमेव गोल केला आणि संघ वाचला. हाच कोरोमिनास, ज्याला सर्वजण कोरो म्हणतात, अकरा वर्षांनी गोव्यात आला आणि एफसी गोवाच्या पोशाखात २०१७-१८ मध्ये १८ व पुढच्या हंगामात १६ गोल करून दोन्ही वेळा लीगमधील सर्वाधिक गोलांचा मानकरी ठरला. स्पेन आणि कोकणपट्टी यांच्यातील अंतर खेळाच्या नकाशावर असे हळूहळू कमी होत गेले.

आता प्रश्न असा, की एवढ्या सामन्यांनंतरही दोन संघांचे गुण समसमान झाले तर निवाडा कशाने करावयाचा? इंग्लंडचा कायदा सांगतो, की केलेल्या गोलांतून खाल्लेले गोल वजा करून ज्याची बाकी मोठी तो वर. स्पेनचा कायदा निराळा आहे. त्या दोघांमध्ये परस्पर झालेले दोन सामने प्रथम पाहावेत, आणि त्यांत जो सरस ठरला असेल त्याला श्रेष्ठ मानावे, असे तो म्हणतो. माझ्या मते या दोहोंत स्पेनचा कायदा अधिक न्याय्य आहे, कारण दुबळ्या संघावर अर्धा डझन गोल चढवून मिळविलेली श्रीमंती तो मोजत नाही, आणि बरोबरीच्या प्रतिस्पर्ध्यासमोर कोण ताठ उभा राहिला एवढेच विचारतो.

या कायद्याची सर्वांत कठोर अंमलबजावणी २००६-०७ च्या हंगामात झाली. दोन सामने उरले असताना रेआल माद्रिद आणि बार्सिलोना यांचे गुण सारखे होते. ९ जून २००७ रोजी दोघेही एकाच वेळी वेगवेगळ्या मैदानांवर खेळत होते. रेआल झारागोझात १-२ असा मागे होता, बार्सिलोना आपल्या घरी एस्पान्योलविरुद्ध २-१ असा पुढे होता, आणि घड्याळात अवघी एक-दोन मिनिटे शिल्लक होती, म्हणजे बार्सिलोनाला ३ गुणांची आघाडी मिळाल्यातच जमा होती. त्या अल्पावकाशात झारागोझात व्हान निस्टलरॉयने बरोबरी साधली, आणि जवळजवळ त्याच क्षणी बार्सिलोनात एस्पान्योलचा कर्णधार राउल तामुदो याने आपल्या संघाचा दुसरा गोल केला. दोन्ही सामने २-२ असे सुटले. शेवटच्या दिवशी रेआलने मायोर्काला ३-१ असे हरविले, बार्सिलोनाने तारागोनात जिम्नास्टिकवर ५-१ असा विजय मिळविला, आणि दोघेही ७६ गुणांवर थांबले. बार्सिलोनाच्या गोलांची बाकी ४५, रेआलची अवघी २६. परंतु ऑक्टोबरात माद्रिदमध्ये रेआलने बार्सिलोनाला २-० असे हरविले होते, आणि मार्चमध्ये, कोवळ्या वयाच्या मेस्सीने तीन गोल करूनही, परतीचा सामना ३-३ असा बरोबरीत राहिला होता. विजेतेपद रेआलला गेले. ऑक्टोबरातल्या एका संध्याकाळी नोंदल्या गेलेल्या दोन गोलांचे मोल जूनच्या मध्यास जगाला कळले.

हा पूर्वेतिहास ध्यानात ठेवून आपल्या हंगामाकडे येऊ.

मुंबईला फुटबॉल नवा नाही. १८९१ साली येथे रोव्हर्स चषक सुरू झाला आणि कूपरेजच्या मैदानाने त्यात पिढ्यानपिढ्यांचे नामांकित संघ पाहिले. १९९६ मध्ये राष्ट्रीय लीग स्थापन झाल्यावर तिचे २००५-०६ चे विजेतेपद मुंबईच्याच महिंद्रा युनायटेडने, डेरिक परेरा या गोमंतकीय प्रशिक्षकाच्या हाताखाली, मिळविले. हा संघ २०१० मध्ये बरखास्त झाला, आणि ती पोकळी मुंबईच्या फुटबॉलप्रेमींना फार जाणवली. २०१४ मध्ये इंडियन सुपर लीग सुरू झाली तेव्हा मुंबई सिटी एफसी या नावाने नवा संघ उभा राहिला. नव्या लीगशी स्पेनचा संबंध पहिल्या दिवसापासूनचा आहे: कोलकात्याच्या संघात अॅटलेटिको माद्रिदची भागीदारी होती, आणि अंतोनियो लोपेझ हबास या स्पॅनिश प्रशिक्षकाने पहिलाच चषक त्या संघाला मिळवून दिला.

परंतु या लीगची घटना प्रारंभी साखळी आणि बाद या दोन पद्धतींचा संकर होती, आणि त्या संकरात साखळीला दुय्यम स्थान होते. २०१६ मध्ये मुंबई सिटी गुणतक्त्यात पहिली आली आणि कोलकाता चौथा आला. पुढे उपांत्य फेरीत कोलकात्याने मुंबईला बाहेर काढले आणि चषकही त्यानेच नेला. पहिल्या क्रमांकाला ना ढाल, ना सनद, ना कसला मान. ज्यांनी महिनोन्महिने इतरांहून सरस खेळ केला त्यांच्या पदरी काहीच पडू नये, ही गोष्ट मला तेव्हाही अन्यायाची वाटली होती आणि आजही वाटते. हा दोष काही अंशी २०१९-२० पासून दूर झाला. साखळीत अव्वल येणाऱ्यास स्वतंत्र ढाल देण्याची तजवीज झाली, आणि त्या ढालीबरोबर आशियाई चॅम्पियन्स लीगच्या गटसाखळीत थेट प्रवेशाचा हक्क आला, जो तोवर कोणत्याही भारतीय संघाला मिळाला नव्हता. पहिली ढाल एफसी गोवाने जिंकली. त्या संघाची घडण ज्याने केली, तो सर्जिओ लोबेरा मात्र ढाल हाती येण्यापूर्वीच, तीन सामने शिल्लक असताना, पदमुक्त झालेला होता.

लोबेरा हे झारागोझाचे. बार्सिलोनाच्या कुमार व राखीव संघांत त्यांनी प्रशिक्षणाचे धडे गिरवले, लास पाल्मासला ते मुख्य प्रशिक्षक होते, नंतर मोरोक्कोतील मोघ्रेब तेतुआन या संघाकडे गेले, आणि २०१७ मध्ये गोव्यात आले. बार्सिलोनाच्या शाळेची शिकवण थोडक्यात अशी सांगता येईल, की चेंडू ही प्रतिपक्षाला सहजासहजी द्यावयाची वस्तू नव्हे. गोलरक्षकाने लांब लाथ मारून तो नशिबाच्या हवाली करू नये. जवळच्या बचावपटूला द्यावा, त्याने मध्यभागी उभ्या असलेल्या सूत्रधाराकडे सरकवावा, आणि प्रत्येक खेळाडूने अशा जागी उभे राहावे की चेंडू ज्याच्याकडे आहे त्याला नेहमी दोन-तीन वाटा मोकळ्या दिसाव्यात. प्रतिपक्ष चेंडूमागे धावून दमतो, त्याची रांग विस्कटते, आणि मग फट दिसताच प्रहार करावयाचा. या खेळाला फार मोठी सहनशीलता लागते, प्रेक्षकांचीसुद्धा. आणि त्यात धोकाही असतो, कारण आपल्याच गोलाजवळ चेंडू हातचा गेला तर शिक्षा तत्काळ मिळते.

नोव्हेंबर २०१९ मध्ये मुंबई सिटीचा ६५ टक्के हिस्सा मँचेस्टर सिटीची मालकी असलेल्या सिटी फुटबॉल समूहाने घेतला, आणि पुढच्या हंगामासाठी लोबेरा मुंबईकडे आले. त्यांच्यापाठोपाठ गोव्याच्या संघातील चार मोहरेही आले: मोरोक्कन सूत्रधार अहमद जाहू, सेनेगलचा उंचनिंच बचावपटू मुर्तदा फॉल, आक्रमक मध्यरक्षक ह्यूगो बूमूस, आणि गोमंतकीय मंदार राव देसाई. मंदार मूळचा आघाडीच्या बाजूने धावणारा खेळाडू. त्याला लोबेरांनी डाव्या बचावावर उभे केले, आणि तेथे तो इतका रुजला की लीगमध्ये १०० सामने पूर्ण करण्याचा पहिला मान त्याच्याकडे गेला. उजव्या बाजूस अमेय रानवडे हा मुंबईचाच तरुण होता. गोलरक्षक व कर्णधार अमरिंदर सिंग, डाव्या आघाडीवर मणिपूरचा बिपिन सिंग, पुढे नायजेरियाचा अनुभवी ओग्बेचे आणि इंग्लंडचा ले फाँद्र, मध्यभागी स्पेनचा एर्नान सान्ताना आणि गोव्याचा रॉलिन बोर्जेस.

त्या वर्षी करोनाच्या साथीमुळे साऱ्या देशाचे जीवनच बंदोबस्तात होते. आमच्या कसारा मार्गावरची लोकल गाडी सर्वसामान्य प्रवाशांसाठी फेब्रुवारी २०२१ उजाडेपर्यंत बंद राहिली होती, आणि त्याआधीच्या उन्हाळ्यात मुंबई-नाशिक महामार्गावरून मुलाबाळांसह पायी चाललेल्या श्रमिकांच्या रांगा ज्यांनी आटगावच्या फाट्यावर पाहिल्या, त्यांच्या डोळ्यांपुढून त्या जाणार नाहीत. अशा काळात खेळाची गोष्ट करणे काहींना औचित्याला सोडून वाटले. मला तसे वाटले नाही, कारण घराबाहेर पडण्यास मज्जाव असलेल्या संध्याकाळी दूरदर्शनच्या पडद्यावर काही नियमाने, ठरलेल्या वेळी आणि कायद्याने घडत आहे, याचाही मनाला आधार असतो. सर्व ११ संघ गोव्यात आणून बाह्य संपर्कापासून अलग ठेवण्यात आले, आणि फातोर्डा, बांबोळी व वास्कोचे टिळक मैदान या तीन ठिकाणी, प्रेक्षकांविना, २० नोव्हेंबर २०२० पासून १३ मार्च २०२१ पर्यंत ११५ सामने खेळविले गेले. घरचे मैदान आणि परक्याचे मैदान हा भेदच त्यामुळे नाहीसा झाला. रिकाम्या सज्जांपुढे खेळताना खेळाडूंच्या आरोळ्या आणि प्रशिक्षकांच्या सूचना ऐकू येत, आणि त्या सूचनांत स्पॅनिश भाषेचा वाटा मोठा होता. हंगामाच्या आरंभी ११ पैकी ७ संघांचे प्रशिक्षक स्पॅनिश होते. मुंबईकडे लोबेरा, मोहन बागानकडे हबास, गोव्याकडे हुआन फेरान्दो, हैदराबादकडे मानोलो मार्केझ, बंगळूरकडे कार्लेस क्वाद्रात, केरळकडे किबू विकुन्या, आणि ईशान्येच्या नॉर्थईस्ट युनायटेडकडे जेरार्द नुस. हंगाम पुरा होण्याआधीच यांपैकी शेवटच्या तिघांची पदे गेली, इतकी ती नोकरी अस्थिर असते.

मुंबईचा प्रारंभ वाईट झाला. २१ नोव्हेंबरला टिळक मैदानावर नॉर्थईस्टविरुद्ध मध्यंतरापूर्वीच जाहूला लाल पत्र मिळाले आणि सामना ०-१ असा गेला. बाद पद्धतीची स्पर्धा असती तर लोबेरांचा संघ त्याच रात्री मुंबईला परतला असता, आणि तो किती चांगला होता हे कोणाला कधीच कळले नसते. परंतु साखळीने त्याला आणखी १९ सामने दिले. पुढच्या सामन्यात गोव्याविरुद्ध अगदी शेवटच्या क्षणी ले फाँद्रच्या पेनल्टीने १-० असा विजय मिळाला, आणि तेथून सलग १२ सामने मुंबई अपराजित राहिली; त्यांत ९ विजय आणि ३ बरोबरी. यातलाच एक विजय, ११ जानेवारीचा, मोहन बागानविरुद्धचा होता. ओग्बेचेचा एकच गोल, १-०. त्या दिवशी तो इतर विजयांसारखाच ३ गुणांचा विजय म्हणून खातेवहीत नोंदला गेला.

३० जानेवारीला नॉर्थईस्टनेच ही मालिका खंडित केली, १-२. त्यानंतर मुंबईची पावले लडखडू लागली. गोव्याविरुद्ध ३-३, बंगळूरकडून २-४, जमशेदपूरकडून ०-२; महिनाभरापूर्वी अजिंक्य भासणारा संघ मागच्या बाजूने वारंवार उघडा पडू लागला, आणि चेंडू पायाशी राखण्याच्या धोरणाबद्दलच शंका घेतली जाऊ लागली. तिकडे हबास यांचा मोहन बागान, जो मुंबईइतका देखणा खेळ कधी करीत नव्हता परंतु गोल देण्यात कमालीचा कंजूष होता, एकेक सामना जिंकत पुढे निघून गेला. धोरण बदलावे असा मोह अशा वेळी कोणालाही झाला असता. लोबेरांनी ते बदलले नाही. २४ फेब्रुवारीला ओडिशाविरुद्ध मुंबईने ६-१ असा विजय मिळविला, बिपिन सिंगने तीन गोल केले, आणि साखळीचा शेवटचा दिवस उजाडला तेव्हा हिशेब असा होता: मोहन बागान १९ सामन्यांत ४० गुण, मुंबई १९ सामन्यांत ३७, गोलांची बाकी दोघांचीही १५, आणि उरलेला एकमेव सामना त्या दोघांमध्येच.

साखळी स्पर्धेत अंतिम सामना नसतो असे मी वर म्हटले आहे, परंतु कार्यक्रमपत्रिकेच्या योगाने असे कधी कधी घडते. २८ फेब्रुवारीला मोहन बागानला केवळ बरोबरी पुरे होती. मुंबईला विजयच हवा होता, आणि विजय मिळाल्यास गुण ४०-४० होऊन परस्पर सामन्यांचा कायदा लागू होणार होता, जो ला लीगात आहे तोच. म्हणजे जानेवारीतला तो एकुलता एक गोल आता दप्तरातून बाहेर काढला जाणार होता. ७व्या मिनिटाला जाहूच्या फ्री-किकवर फॉलने डोक्याने गोल केला. ३९व्या मिनिटाला सान्तानाची फ्री-किक आडव्या दांडीवर आदळून परत आली आणि ओग्बेचेने ती डोक्यानेच आत ढकलली. नंतर मुंबईने दार लावून घेतले, २-०. दोघांचेही १२ विजय, ४ बरोबरी, ४ पराभव. दोघांचेही ४० गुण. आणि परस्परांमधील दोन्ही सामने मुंबईचे. गोलांच्या बाकीनेही मुंबईच १७ विरुद्ध १३ अशी सरस होती, त्यामुळे २००७ प्रमाणे पराभूत पक्षाला कायद्याविषयी तक्रार करण्यास जागा उरली नाही.

ढाल आली, तरी संकराची दुसरी बाजू, म्हणजे बाद फेरी, उरलीच होती. उपांत्य फेरीत समोर गोवा आला: लोबेरांनी घडविलेला आणि आता फेरान्दोंनी हाती घेतलेला संघ, एकाच विचाराचे दोन पाईक. पहिला सामना २-२, दुसरा ०-०, आणि मग पेनल्टींचा लांबलेला क्रम, ज्यात गोव्याच्याच रॉलिन बोर्जेसने निर्णायक गोल करून मुंबईला ६-५ असे पार नेले. १३ मार्चला फातोर्ड्यावर अंतिम सामन्यात पुन्हा मोहन बागान होता. १८व्या मिनिटाला मुंबईने आपल्याच गोलाजवळ चेंडू गमावला, त्या धोरणाचा जो धोका मी वर सांगितला तोच, आणि डेव्हिड विल्यम्सने गोल केला. ११ मिनिटांनी बागानचा स्पॅनिश बचावपटू तिरी याने लांबून आलेला चेंडू डोक्याने मागे वळविण्याच्या प्रयत्नात स्वतःच्याच गोलात घातला. मध्यंतरापूर्वी अमेय रानवडे प्रतिस्पर्ध्याशी डोक्यास डोके आदळून निपचित पडला, आणि मैदानातून रुग्णवाहिकेत नेण्यात आला. तो बरा होऊन पुढच्या हंगामांत खेळला ही समाधानाची गोष्ट होय, पण त्या काही मिनिटांत दोन्ही संघांच्या चेहऱ्यावर जी काळजी दिसली, ती पाहणाऱ्याला खेळाचे गुण क्षुल्लक वाटले असतील. ९०व्या मिनिटाला बागानच्या गोलरक्षकाचा अंदाज चुकला, ओग्बेचेने चेंडू मिळवून बिपिनकडे सरकवला, आणि मोकळ्या गोलात तो मारणे एवढेच बिपिनला करावयाचे होते. २-१. एकाच हंगामात ढाल आणि चषक ही दोन्ही मिळविणारा लीगमधील तो पहिला संघ ठरला.

या चषकाचे मोल मी कमी लेखीत नाही, तथापि माझ्या दृष्टीने त्या हंगामाचा खरा निकाल २८ फेब्रुवारीलाच लागला होता. अंतिम सामन्यात बागानच्या गोलरक्षकाचा अंदाज चुकला नसता, तर त्या संध्याकाळी कदाचित वेगळे नाव कोरले गेले असते; साखळीतील ४० गुणांना असा एकही ‘नसता तर’ जोडता येत नाही, कारण तेथे मुंबईचे दैव चार वेळा उलटले आणि तरीही हिशेब जुळला. आमच्या लीगच्या रचनेत एक उणीव मात्र मला सलते. स्पेनमध्ये त्या २००६-०७ च्या हंगामात तळाला राहिलेला जिम्नास्टिक आणि त्याच्याबरोबर सेल्टा व रेआल सोसिएदाद असे तीन संघ खालच्या श्रेणीत गेले. गोव्यातील आमच्या हंगामात तळाच्या संघाला असे कोणतेच भय नव्हते, आणि म्हणून तक्त्याच्या खालच्या अर्ध्या भागातील फेब्रुवारीचे सामने ना कोणाला वर नेत होते ना कोणाला खाली. ज्या दिवशी तळाचा संघही शेवटच्या मिनिटापर्यंत जिवाच्या आकांताने झुंजेल, त्या दिवशी वरच्या संघाने त्याच्याकडून घेतलेल्या गुणांचेही वजन वाढेल. ही सुधारणा व्हावी असे मला मनापासून वाटते, आणि ती मोठ्या शहरांपुरती न राहता जिल्ह्या-जिल्ह्यांत लहान साखळ्या उभ्या राहाव्यात असेही वाटते; शहापूर-मुरबाडच्या दहा गावांनी कबड्डीचीच का होईना, पण दिवाळीपासून होळीपर्यंत दर रविवारी एक सामना अशी साखळी चालविली, तर पहिल्या रविवारी हरलेल्या पोराला दुसऱ्या रविवारची वाट पाहता येईल.

लोबेरा पुढच्या हंगामाआधी मुंबई सोडून गेले. ढालीने मिळविलेला हक्क मात्र संघाकडे राहिला, आणि एप्रिल २०२२ मध्ये डेस बकिंगहॅम यांच्या मार्गदर्शनाखाली मुंबई सिटी आशियाई चॅम्पियन्स लीगसाठी सौदी अरेबियात रियाधला गेली. तेथे ११ एप्रिलला इराकच्या अल्-कुवा अल्-जाविया संघाविरुद्ध मागे पडूनही तिने २-१ असा विजय मिळविला. विजयी गोल राहुल भेके या मुंबईकराने डोक्याने केला, ज्याने तीन वर्षांपूर्वी अंधेरीच्या मैदानावर बंगळूरसाठी ११७व्या मिनिटाला असाच गोल करून लोबेरांच्या गोव्याचा चषक हिरावून घेतला होता. त्या स्पर्धेतील कोणत्याही भारतीय संघाचा तो पहिला विजय. परतीचा सामनाही मुंबईने १-० असा जिंकला. गटाच्या शेवटी मुंबई आणि अल्-कुवा दोघांचे ७-७ गुण झाले, परस्पर सामने पाहिले गेले, आणि मुंबईला दुसरा क्रमांक मिळाला.